सात नंबरचा हेडफोन

१२ फेब्रुवारी

आजपासून मी माझं डोकं भाड्याने दिलं. हे मी नाही म्हणत, आमचे हे म्हणाले. सकाळी डबा भरता भरता मी त्यांना नव्या कामाबद्दल सांगत होते. दिवसभर कानांवर हेडफोन लावून बसायचं, कॉम्प्युटरवर गेम खेळायचा आणि कुठे टोचतं, कुठे दुखतं, कुठे घाम येतो ते सांगायचं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीसारखं हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे डोकं भाड्याने. आतलं सामान आधी काढून ठेवायला सांगितलं नाही ना?"

कपड्यांचा कारखाना बंद पडल्यापासून मी घरीच होते. या वयात कोण कामावर घेतं? इथे घेतलं ते माझ्या कानांमुळे. शाळेत मला सगळ्या सुपकानी म्हणायच्या आणि मी घरी येऊन रडायचे. मुलाखतीत डिझाईनवाल्या मुलीने पट्टीने माझे कान मोजले, वरचा चष्मा बघितला आणि चक्क खूश झाली. असं गिऱ्हाईक तिला हवंच होतं.

तिथे सगळे असेच निवडलेले आहेत. एकाचं डोकं इतकं मोठं की त्याला घागर म्हणतात आणि तोही त्या नावाला ओ देतो. एक जाड वेणीवाली आहे. एक टक्कलवाले आहेत, पट्टी सरळ कातडीला लागली की काय होतं ते बघायला. खोलीला खिडकी नाही. भिंतींना काळा स्पंज लावलाय, त्यामुळे खोकलं तरी खोकला तोंडापाशीच राहतो.

हेडफोनचे नमुने बरेच आहेत. त्यांना अजून नावं नाहीत, नुसते नंबर. सुपरवायझर म्हणाला, "गिऱ्हाईक सकाळी घालेल आणि संध्याकाळी त्याला डोक्यावर काही आहे याची आठवणही नसेल, असा नमुना मला शोधून द्या."

२० फेब्रुवारी

एक नंबर म्हणजे शिक्षा. दोन्ही बाजूंनी असा आवळतो की चष्म्याच्या काड्या कानामागे रुततात. घरी आल्यावरही तिथे हात लावला की ठणका. दोन नंबर मऊ आहे पण जड, मान अवघडते. चार नंबरच्या गाद्या रेक्झिनच्या, त्यात कान उकडून निघतात. टक्कलवाल्यांच्या टाळूवर तर लाल पट्टा उमटला. घागर म्हणाला, "तुमची हद्द आखून दिली, आता यापलीकडे केस उगवायचे नाहीत."

गेम मला अजून जमत नाही. ओसाड शहर आहे, दोन टोळ्या एकमेकींना शोधून मारतात. मी आपली दारात उभी राहते आणि कोणीतरी येऊन मला मारून जातं. शेवटी घागरने गुपित सांगितलं. "मावशी, डोळ्यांनी खेळू नका, कानांनी खेळा. पावलं ऐका. कुठल्या बाजूने आली ते कळलं की अर्धं काम झालं. आवाज जरा वाढवा."

उजव्या कानाच्या वाटीवर आवाजाचं एक छोटं चाक आहे. ते फिरवल्यावर खरंच पावलं ऐकू आली. मग आज मी दोघांना मारलं. हसू नये, पण बसमध्ये मी एकटीच हसत होते.

ह्यांची भूक कमी झालीय. पट्ट्याला खिळ्याने आणखी एक भोक पाडलंय. मी म्हटलं, पित्त आहे, बाहेरचा चहा कमी करा. तो जुन्या इमारतीचा मालक त्यांना छळतोय, तेही एक कारण असणार. लिफ्ट कधीच मोडीत काढायला हवी, पण त्याला नवी बसवायची नाही. महिन्यातून कितीदा तरी ह्यांना दुरुस्तीला बोलावतो. लिफ्टच्या कामाने हे घर चाललं, मान्य आहे. पण त्या एका लिफ्टचं नाव काढलं तरी मला राग येतो.

४ मार्च

सात नंबर आला.

काय लिहू? गाद्या जाड, त्यांवर लोकरीसारखं मऊ कापड. आतला स्पंज असा की दाबला की हळूहळू फुलतो. कानांभोवती सगळीकडे सारखा टेकतो, चष्म्याच्या काड्यांना जागा करून देतो. डोक्यावरची पट्टी तर नसल्यासारखीच. आणि बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. वेणीवालीने माझ्या मागे खुर्ची पाडली म्हणे, मला पत्ताच नाही. घागर म्हणाला, "हा घातला की बायको माहेरी गेल्यासारखं वाटतं."

दुपारी जेवायची सुटी झाल्याचं मला खांद्यावर हात ठेवून सांगावं लागलं. आज मी टोळीत पहिली आले. एवढ्या वर्षांत कशात पहिली आले असेन तर आठवत नाही. कारखान्यात चांगल्या कामाला कोणी चांगलं म्हणत नसे, वाईट झालं की मात्र बोलावणं यायचं.

एकच तक्रार आम्ही सगळ्यांनी केली. आवाज एका ठिकाणी अडतो, त्यापुढे चाक फिरवलं तरी वाढत नाही. दूरची पावलं निसटतात. डिझाईनवाली म्हणाली, ते मुद्दाम तसं केलंय. सुपरवायझर म्हणाला, "गिऱ्हाईकाला हवं ते द्यायचं. काढून टाका."

१३ मार्च

आवाजाची अडवणूक काढली. आता पावलं अशी येतात की जणू मागे कोणी उभंच आहे. स्फोट झाला की पोटात हलतं, पण त्याची सवय होते.

कंपनीने सात नंबर आणि एक लॅपटॉप घरी वापरून बघायला दिलाय. घरी गादीवर रेलून, उशीला टेकून कसं वाटतं तेही त्यांना हवंय. मी संध्याकाळी खेळायला बसते. आज खेळता खेळता मान वळवली तर हे माझ्या खुर्चीमागे उभे होते. कधीपासून, कोण जाणे. मी एक कान मोकळा केला.

"काय हो?"

"काही नाही. खेळ तू."

नंतर जेवताना त्यांनी सांगितलं की पोटाची तपासणी करायला मोठ्या हॉस्पिटलात बोलावलंय. मी म्हटलं, सुटी टाकू का? ते म्हणाले, कशाला, एकटा जाईन. मला जरा बरं वाटलं, हे खरं तेच लिहिते. मोठ्या हॉस्पिटलाचा वासच मला सोसत नाही. शिवाय उद्या टोळ्यांचा सामना आहे.

२१ मार्च

फ्रीज बिघडलाय. सारखी बारीक शिट्टी वाजते, रात्री तर जास्तच. ह्यांना बघायला सांगितलं. त्यांनी कान लावला, मागे हात घालून बघितलं आणि म्हणाले, काही वाजत नाही. मी म्हटलं, तुम्हाला लिफ्टच्या मोटारीने बहिरं केलंय. ते काही बोलले नाहीत. बोलले असतील तर तोंडातल्या तोंडात. आयुष्यभर दातांत स्क्रू धरून काम केल्याने ह्यांची बोलायची पद्धतच तशी झालीय, पण हल्ली फारच. मी दोनदा 'काय' विचारलं की तिसऱ्यांदा ते 'जाऊ दे' म्हणतात. हे एक 'जाऊ दे' मात्र स्पष्ट ऐकू येतं.

शेजारीण टीव्हीच्या आवाजाची तक्रार घेऊन आली होती. इतकी वर्षं तिला कधी ऐकू आला नाही, आताच बरा येतो.

ह्यांचा रिपोर्ट गुरुवारी मिळणार आहे.

२८ मार्च, गुरुवार

आज सुपरवायझरने सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. सात नंबर नक्की झाला तर खोक्यावर आमच्यापैकी कोणाचा तरी फोटो येईल म्हणाला, आणि चष्म्यासकट माझा यावा असं त्याच्या मनात आहे. सुपकानी खोक्यावर. शाळेतल्या पोरींनी बघायला हवं होतं.

घरी आले तर हे मोरीपाशी हात धूत उभे होते, पाठमोरे. नळ सोडलेला, वरचा पंखा धूर ओढत होता. मी फोटोचं सांगायला तोंड उघडणार तोच ते बोलायला लागले. त्या जुन्या इमारतीच्या लिफ्टचं असणार. "आता त्यात काही करण्यासारखं राहिलं नाही म्हणाले," एवढं मला नीट कळलं. म्हणजे मालकाच्या डोक्यात एकदाचा प्रकाश पडला.

मी म्हटलं, "बरं झालं. सुटलात एकदाचे. मला तर कधीपासून वाटत होतं, लवकर संपेल तर बरं. तुमच्याही जिवाला शांती आणि माझ्याही."

त्यांनी नळ बंद केला. माझ्याकडे बघत राहिले. मग "हो," म्हणाले आणि हात पुसायला गेले.

जेवले नाहीत. मी फोटोचं सांगितलं तर नुसती मान हलवली. इतक्या वर्षांत मला कधी नव्हे ते चांगलं काही मिळतंय, तर ह्यांना दोन शब्द जड. रिपोर्टचं विचारायचं राहूनच गेलं. पण फळीवर गोळ्यांची नवी पाकिटं दिसली, म्हणजे पित्तच असणार. काही वाईट असतं तर सांगितलं नसतं का? न विचारलेलं बरं.

६ एप्रिल

हे आता कामावर जात नाहीत. त्या लिफ्टचं काम सुटलं म्हणून इतकी सुटी कशाला, ते मला समजत नाही, पण म्हटलं, करू दे आराम. आराम मात्र करत नाहीत. खिडक्यांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. नळाचा वायसर बदलला. काल मला धरून बसवलं आणि विजेच्या पेटीतलं कुठलं बटण कशाचं ते दाखवलं. मी म्हटलं, तुम्ही आहात ना? त्यांनी प्रत्येक बटणाखाली कागद चिकटवलाय, मोठ्या अक्षरात.

माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे कामापुरतं बोलतात, पाहुण्याशी बोलावं तसं. भांडण असतं तर भांडता आलं असतं. मी काय केलं तेच मला ठाऊक नाही, तर माफी कशाची मागू? मी हेडफोन घालते आणि खेळते. आत निदान कोण माझ्या बाजूचं आणि कोण नाही ते स्पष्ट असतं.

१४ एप्रिल

लेक दोन दिवस राहून गेली. न कळवता आली. आल्या आल्या बापाच्या गळ्यात पडली आणि सोडेचना. मी म्हटलं, मलाही भेट की. भेटली, पण लाकडासारखी.

दुपारी भांडी घासताना ती मान खाली घालून काहीतरी म्हणाली. 'बाबांना' आणि 'कसं म्हणालीस' एवढंच माझ्या हाती लागलं. मी विचारलं, "काय म्हणाले मी?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परकी आहे. "काही नाही. त्यांनी मला तुझ्याशी भांडायचं नाही म्हणून सांगितलंय." हे मात्र तोंडासमोर म्हणाली.

कशावरून भांडायचं नाही? जेवणात मी ह्यांना, ताटात टाकू नका, एवढंच म्हटलं होतं. एवढ्यावरून? हल्लीच्या मुलींना आईच्या बोलण्यात सगळं खुपतं.

संध्याकाळी ती गेली. हे तिला सोडायला जिना उतरून गेले. परत वर यायला त्यांना इतका वेळ लागला की मी दार उघडून बघितलं. मधल्या पायरीवर बसले होते. मी हात दिला. हात नुसता हाडांचा. मला एकदम भीती वाटली आणि मी म्हटलं, "अहो, तुम्हाला बरं नाहीये का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हसल्यासारखे झाले. काहीतरी म्हणाले, जिन्यात वरून कोणी पोरं उतरत होती, मला कळलं नाही. मी 'हं' म्हटलं आणि त्यांना वर घेऊन आले.

१९ एप्रिल

सात नंबर नक्की झाला. खोक्यावर ओळ येणार आहे, 'दिवसभर घाला, विसरून जा.' माझा फोटो काढला. फोटोवाल्याने तीन वेळा मान तिरकी करा म्हणून सांगितलं म्हणे, मी सरळच बसले होते. सगळे हसले.

जिन्यापाशी डिझाईनवालीने मला बाजूला घेतलं. ती अगदी समोर उभी राहून सावकाश बोलली. "मावशी, कानात शिट्टी वाजते का?"

"कानात नाही, फ्रीजमध्ये वाजते."

"आत्ता वाजतेय?"

मी थांबून ऐकलं. जिन्यात फ्रीज नव्हता.

ती म्हणाली, टक्कलवाल्यांनाही वाजते, घागरलाही. घागरने कोणाला सांगू नका म्हटलंय, त्याला हे काम हवंय. तिने सुपरवायझरला विचारलं होतं. तो म्हणाला, आपण आराम मोजतो, आवाज आपला विषय नाही. तिने माझ्या हातात एक पत्ता दिला. "उद्या सकाळी जा. मी वेळ घेऊन ठेवलीय. हे माझ्यामुळेही झालंय. त्रास झाला असता तर तुम्ही काढून तरी ठेवला असता. मी त्रासच ठेवला नाही."

मीच तिची समजूत घातली की काही नसेल, मळ असेल.

२० एप्रिल

काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आधी काही जाड, घुमणारे आवाज आले, ते मी भराभर दाबले. मग बाईने मशीन थांबवलं. मी वाट बघत बसले. तिचे हात काचेमागे हलत होते, म्हटलं, काहीतरी जुळवत असेल. बराच वेळ तशी बसले. मग ती दार उघडून म्हणाली, "झालं."

मी म्हटलं, "सुरू कुठे केलंत?"

तिने माझ्यासमोर खुर्ची ओढली. बाई चांगली होती. म्हणाली, बारीक आवाज गेलेत, दोन्ही कानांचे, आणि गेलेले परत येत नाहीत. कशाने तेही मी काम सांगितल्यावर तिला लगेच कळलं. मी म्हटलं, "पण मला ऐकू येतं की. तुमचं सगळं येतंय." ती म्हणाली, "मी समोर बसलेय, खोली शांत आहे. तुम्हाला माणूस बोलतोय हे ऐकू येतं, पण शब्द अर्धे येतात. उरलेले तुम्ही मनाने भरता. नळ चालू असेल, पंखा चालू असेल, माणूस पाठमोरा असेल, तर बहुतेक सगळं तुमच्या मनाचंच असतं."

बसमध्ये जागा होती तरी मी उभी राहिले. ती नळ म्हणाली तिथपासून माझं पुढचं काही ऐकण्यात लक्ष नव्हतं. नळ, पंखा, पाठमोरे हे. गुरुवार होता. गुरुवारी रिपोर्ट मिळणार होता.

मी एक थांबा पुढे गेले आणि चालत मागे आले.

२० एप्रिल, पुन्हा

लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी हेही माझ्या मनाने भरेन.

हे खिडकीपाशी बसले होते. मी चप्पल काढली नाही. पंखा बंद केला. त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसले आणि सांगितलं की माझे कान गेलेत. कसे गेले ते सांगितलं. काचेच्या खोलीत मी मशीन बंद आहे म्हणून बसून राहिले तेही सांगितलं. ते ऐकत होते. मग मी म्हटलं, "त्या गुरुवारी तुम्ही मोरीपाशी मला काय सांगितलंत?"

मीच पुढे म्हटलं, "मला वाटलं, तुम्ही लिफ्टचं बोलताय. जुन्या इमारतीच्या."

ह्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. हसतात की रडतात ते मला कळेना, कारण तेही मला ऐकू येत नव्हतं. मी हात ओढून काढले. तोंड ओलं होतं.

"लिफ्ट," ते म्हणाले. हे मी ओठांवरून वाचलं.

मग ते बोलले, पण हळू. मी मान हलवली, नाही. पुन्हा बोलले. नाही. मला 'डॉक्टर' कळलं, पुढचं नाही. मी म्हटलं, "मोठ्याने बोला. मला अंदाजाने नको आहे."

लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी घरात कधी आवाज चढवला नाही. पोरगी लहानपणी शाई सांडायची तेव्हाही नाही. आज त्यांनी छाती भरून श्वास घेतला, तो घेताना त्यांना दुखलं, आणि ओरडून सांगितलं की पोटात गाठ आहे, यकृतापर्यंत गेलीय, ऑपरेशन होणार नाही. समोरच्या गच्चीवर शेजारीण कपडे वाळत घालत होती. तिचे हात तसेच थांबले. मला मधलं कळलं नव्हतं. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा ओरडून सांगितलं, "मी मरणार आहे. मोडीत निघालेलं मशीन आहे माझं, आता काही करण्यासारखं राहिलं नाही." शेजारीण कपडे टाकून आत गेली.

"आणि मी काय म्हटलं," मी विचारलं. माझं मला आठवत होतं, तरी विचारलं.

ते हळू म्हणाले. हे मला ऐकायची गरज नव्हती.

इतके दिवस हा माणूस माझ्या शेजारी झोपत होता, मी सुटकेची वाट बघतेय असं समजून. आणि तरी माझ्यासाठी बटणांखाली कागद चिकटवत होता.

२ मे

काम सोडलं. सुपरवायझरने कारण विचारलं. मी सांगितलं, कान गेले आणि नवरा चालला. त्याने दुसऱ्याबद्दल दुःख व्यक्त केलं, पहिल्याबद्दल म्हणाला की या वयात होतंच. फोटो खोक्यावरून काढा म्हटलं, तर छपाई झालीय. डिझाईनवालीही सोडून गेली, असं घागरने सांगितलं. त्याने माझ्या कानाशी येऊन, जवळजवळ ओरडून सांगितलं आणि स्वतःच्या कानात बोट घालून हलवलं. तो अजून तिथेच आहे.

लेकीला सगळं कळवलं. फोनवर मला तिचं नीट कळत नाही म्हणून ती आता मेसेज लिहिते. पहिल्या मेसेजमध्ये नुसतं 'आई' होतं. बऱ्याच वेळाने दुसरा आला, 'मी येते.'

२३ मे

कानाचं मशीन मिळालं. भांड्याचा आवाज सुरीसारखा येतो, ह्यांचा येत नाही. त्यांचा आवाज आता उरलाच कमी. आम्ही दोघं मिळून युक्त्या करतो. ते माझ्या तळहातावर बोटाने अक्षरं काढतात. काल त्यांनी 'पंखा' काढलं आणि मी खिडकी उघडली. ते इतके हसले की धाप लागली. मग बराच वेळ उशीला टेकवून धरावं लागलं.

आम्ही पूर्वीपेक्षा जास्त बोलतो, हे विचित्र आहे. मी त्यांना तो गेम कसा होता ते सांगितलं. पावलं कुठून येतात ते कळायला हवं, तेवढ्यासाठी मी चाक फिरवत गेले. त्यांनी हातावर लिहिलं, 'जिंकलीस ना?' मी म्हटलं, "बऱ्याचदा." त्यांनी लिहिलं, 'मग ठीक.'

ठीक नाही. पण मी तसं म्हटलं नाही.

११ जून

औषधं आणायला गेले होते. दुकानाच्या काचेमागे सात नंबर मांडलाय, एकावर एक खोकी. खोक्यांवर मी. चष्मा घातलेली, डोळे मिटून हसणारी, काही कळत नसलेली बाई.

आत एक माणूस आपल्या मुलीसाठी निवडत होता. मुलगी कॉलेजातली असेल. तिने दोन-तीन काढून ठेवले, एक आवळतो, एक जड, आणि सात नंबर घातल्यावर तिचा चेहरा सैल झाला. तो चेहरा मला माहीत होता. मी आत गेले. बापाला म्हटलं, "हा नका घेऊ. घेतलात तर आवाज अर्ध्यावर ठेवायला सांगा. आणि मधे मधे काढायला लावा. तो काढावासा वाटत नाही, तेच वाईट आहे."

माझा आवाज मोठा झाला असणार, सगळे बघायला लागले. दुकानदार काहीतरी बोलला. मी म्हटलं, मला ऐकू येत नाही. त्याने मला दंडाला धरून हळूच दारापर्यंत आणलं. आता तो खोक्याकडे बघेल आणि मला ओळखेल असं वाटत होतं, पण त्याने बघितलं नाही. बाप पैसे द्यायला उभा राहिला होता.

ह्यांना मी यातलं काही सांगितलं नाही.

३० जून

हे गेले. परवा सकाळी.

लेक स्वयंपाकघरात चहा करत होती. मी त्यांचं तोंड ओल्या कापडाने पुसत होते. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं, आणि बोलायला लागले. हातात अक्षर काढण्याएवढी शक्ती नव्हती. ओठ कोरडे पडून चिकटले होते, ते नीट उघडत नव्हते, म्हणून वाचता येईना. मी मशीनचा आवाज वाढवला. नुसती खरखर वाढली. मी कान त्यांच्या ओठांना लावला. कानाला गरम वाफ लागली, तीन-चार वेळा, थांबून थांबून. एक अख्खं वाक्य होतं. त्यांनी ते पूर्ण केलं आणि डोळे मिटले. त्यानंतर बोलले नाहीत. दुपार व्हायच्या आत संपलं.

काल सगळे गेल्यावर लेक माझ्यासमोर येऊन बसली. ती आता नेहमी समोर बसूनच बोलते. तिने विचारलं, "आई, मी चहा आणला तेव्हा तू वाकून ऐकत होतीस. बाबा शेवटी काय म्हणाले?"

मी म्हटलं, "तुझं नाव घेतलं. म्हणाले, तिला सांभाळ."

ती खूप रडली. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.